मदत हवी: कोविडच्या वर्षात थकलेलं बिल आयबीसीत (दिवाळखोरी कायद्यात) कायमचं बाद?

नमस्कार मंडळी. वकिलांकडे जाण्याआधी निदान प्रश्न तरी नीट विचारता यावा म्हणून हा धागा.

आमचा पॅकिंग मालाचा छोटा कारखाना आहे, लघुउद्योग नोंदणी २०१८ पासूनची. एका कंपनीकडे तीन बिलं अडकली आहेत. पहिलं ४६ लाखांचं, मुदत १० मार्च २०२० ला संपली. दुसरं ५२ लाखांचं, माल पोचला ७ फेब्रुवारी २०२० ला, उधारी साठ दिवसांची, म्हणजे ७ एप्रिलला देय. तिसरं ४० लाखांचं, मे २०२१ मध्ये देय. २०२३ उजाडलं तरी फोनवर 'पुढच्या महिन्यात बघू' एवढंच.

एनसीएलटीत (कंपन्यांच्या दिवाळखोरीचे अर्ज ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात) जायचं ठरवलं आणि तिथेच अडलो. २४ मार्च २०२० च्या अधिसूचनेने अर्जासाठी लागणारी किमान थकबाकी १ लाखावरून १ कोटी झाली. मग जूनच्या अध्यादेशाने आयबीसीत कलम १०अ आलं: २५ मार्च २०२० पासूनच्या थकबाकीवर अर्ज नाही. आधी सहा महिने, मग मुदतवाढी मिळत २४ मार्च २०२१ पर्यंत. मला वाटलं, वर्ष सरलं की दार उघडेल. पण परंतुकात (कलमाला जोडलेल्या अटीत) चक्क 'कधीही नाही' असं आहे! मधलं बिल वगळलं की उरतात ८६ लाख. कोटीला चौदा कमी.

बरं, या कंपनीचा धंदा बसला होता म्हणावं तर तसंही नाही. त्याच वर्षात त्यांनी नवं गोदाम घेतलं. हे दाखवून दिलं तर उपयोग होईल का? आणि माल तर टाळेबंदीच्या आधीच पोचला होता, मग तारीख कोणती धरायची? आणखी एक डोक्यात आलंय: एमएसएमई (लघुउद्योग) कायद्याच्या कलम १५ प्रमाणे उधारी ४५ दिवसांच्या वर ठरवताच येत नाही. तसं मोजलं तर हे बिल २३ मार्चलाच थकलं, दोन दिवस आधी!

प्रतिसाद १
गोदामाचा मुद्दा सोडून द्या. रमेश कायमल विरुद्ध सीमेन्स गमेसा या खटल्यात (९ फेब्रुवारी २०२१) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की महामारीचा कंपनीला किती फटका बसला याची चौकशी १०अ मध्ये अपेक्षितच नाही. त्यात अर्ज ११ मे २०२० चा होता, म्हणजे अध्यादेशाच्याही आधीचा. तरी अडकला, कारण थकबाकी ३० एप्रिलची होती. तारीख बिलाची नाही, देय पैसे न दिल्याची.

४५ दिवसांचा युक्तिवाद आवडला, पण त्यावर सगळा डोलारा उभा करू नका. तुमच्याच बिलावर ६० दिवस छापलेत, समोरचा वकील पहिल्याच तारखेला तेच पुढे करेल.

एक लक्षात घ्या, अर्ज बंद झाला, देणं नाही. दिवाणी दावा आहेच. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ दाव्याच्या मुदतीतून वगळलेला आहे, त्यामुळे मुदत फेब्रुवारी २०२५ पर्यंत जाते. मी तुमच्या जागी असतो तर सुविधा परिषदेकडे (एमएसएमई कायद्याखाली थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे) गेलो असतो. तिथे बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ, आणि निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते.

प्रतिसाद २
८६ लाखांवर व्याज धरलंत का? बिलावर व्याजदर छापलेला असेल तर ते कोटीच्या हिशोबात धरावं असा एनसीएलटीवरच्या अपील न्यायाधिकरणाचा २०२२ चा निकाल आहे.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. बिलं काढून पाहिली. १८ टक्के व्याज छापलेलं आहे, पण मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. त्यांच्या स्टोअरवाल्याची सही पुढच्या बाजूला आहे. हे चालतं का?