‘उलटी शिफ्ट’ की ‘उत्क्रमी जलवायू विस्थापन’?

(बोलणाऱ्याच्या नावाऐवजी त्याच्या गावाचं नाव दिलं आहे.)

लोटे (ता. खेड): कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून कार्बन मोनॉक्साइड करतात, त्या रिव्हर्स वॉटर-गॅस शिफ्टचं ‘उत्क्रमी जलवायू विस्थापन’ असं भाषांतर हाती आलंय. ऑपरेटरच्या सूचनापत्रात चालेल का?

थळ (ता. अलिबाग): अजिबात नको. ‘जलवायू’ वाचून कुणालाही हवामान आठवेल. वॉटर गॅस म्हणजे लालबुंद कोकवर वाफ सोडून मिळणारं कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचं मिश्रण. ‘उत्क्रमी’ म्हणजे दोन्ही दिशांनी चालणारी, आणि तशी तर सरळ शिफ्टही असते. अमोनिया प्लांटमध्ये शिफ्ट हा रोजचा शब्द आहे: वाफ देऊन कार्बन मोनॉक्साइड घालवायचा, हायड्रोजन वाढवायचा. इथे दिशा फिरते, म्हणून सरळ ‘उलटी शिफ्ट’ लिहा.

महाड: ‘कार्बन डायऑक्साइडचे क्षपण’ (रिडक्शन, म्हणजे ऑक्सिजन काढून घेणं) कसं वाटतं?

थळ: चूक नाही, पण अपुरं आहे. मिथेन झाला तरी ते क्षपणच, आणि या प्रक्रियेत नको असतो तो नेमका मिथेन. शिवाय प्लांट सुरू करताना हायड्रोजन देऊन निकेल कॅटॅलिस्टचंही (अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाचंही) क्षपण करतात. एकाच पानावर दोन कामांना एक शब्द आला की घोटाळा होणारच.

शब्दासोबत तापमान लिहा. उलटी शिफ्ट उष्णता खाते, मोलमागे (मोल हे रेणू मोजायचं एकक) सुमारे 41 किलोजूल. मिथेन बनवणारी अभिक्रिया उष्णता सोडते. म्हणून तापमान उतरलं की मिथेन वाढतो. उलट्या शिफ्टचा समतोल स्थिरांक (अभिक्रिया कुठवर पुढे जाईल ते सांगणारा आकडा) 1 होतो साधारण 820 अंश सेल्सिअसला. तिथे दोन्ही वायू समान मोल दिले तर जास्तीत जास्त निम्मा कार्बन डायऑक्साइड बदलतो, हायड्रोजन तिप्पट दिला तर पाऊण. दाब वाढवून शिफ्टला काही मिळत नाही, दोन्हीकडे मोल तेवढेच. फावतं ते मिथेनचं.

रत्नागिरी: ‘काजळी’ हा शब्दही ठेवा. बाहेर पडणारा वायू सावकाश थंड झाला तर कार्बन मोनॉक्साइड फुटून कार्बन बसतो. 800 ते 450 अंशांच्या पट्ट्यात तो नळीचा धातूही पोखरतो, म्हणून वायू वेस्ट हीट बॉयलरमध्ये (वाया जाणाऱ्या उष्णतेवर वाफ करणाऱ्या बॉयलरमध्ये) झटकन थंड करतात. तांब्याचा कॅटॅलिस्ट असेल तर किनाऱ्यावर खाऱ्या हवेतलं, पाण्यातलं क्लोराइड आत जाऊ देऊ नका. तो कायमचा मरतो.

थळ: आणि निकेल असेल तर एक ओळ ठळक छापा: ‘बंद करताना तापमान 200 अंशांखाली येण्याआधी नायट्रोजन सोडून (पर्ज करून) सगळा कार्बन मोनॉक्साइड बाहेर काढा.’ तो राहिला तर निकेलशी मिळून निकेल कार्बोनिल बनतो, आणि हा निकेल कार्बोनिल कार्बन मोनॉक्साइडपेक्षाही कितीतरी जहाल आहे.