‘धार्मिक शिक्षण’, ‘धर्मविषयक शिक्षण’ आणि ‘सूट’

प्रश्न : एका अनुदानित शाळेच्या पालकसूचनेचा मराठी मसुदा करताना अडलो आहे. या शाळेत एक तास प्रार्थना व धर्मग्रंथपठणाचा असून दुसरा सर्व धर्मांची ओळख करून देणारा आहे. दोन्हींना ‘धार्मिक शिक्षण’ म्हणावे, आणि पुढे ‘पालकांना सूट मागता येईल’ असे लिहावे, हे योग्य ठरेल का?

उत्तर : दोन्हींना एकच नाव देऊ नये. मराठीत ‘धार्मिक’ म्हणजे नुसते धर्मासंबंधीचे नव्हे. ‘आजी फार धार्मिक आहेत’ या वाक्यात तो शब्द श्रद्धा आणि आचरण दाखवतो. त्यामुळे ‘धार्मिक शिक्षण’ म्हटले की मूल श्रद्धावान व्हावे यासाठी दिलेले शिक्षण, असाच अर्थ मनात येतो. राज्यघटनेच्या कलम २८ मध्ये हाच शब्द आहे आणि संपूर्णपणे राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत असे शिक्षण देण्यास तेथे मनाई आहे. तो शब्द सैल वापरला, तर सरकारी शाळेत तुकारामांचा अभंग शिकवण्यावरही आक्षेप येईल. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली डीएव्ही कॉलेजच्या खटल्यात गुरू नानकांचे जीवन व शिकवण यांचा अभ्यास हे धार्मिक शिक्षण नव्हे, असा निर्वाळा दिला होता. तेव्हा ओळखीच्या तासाला ‘धर्मविषयक शिक्षण’ किंवा सरळ ‘धर्मपरिचय’ म्हणावे.

‘सूट’ हा शब्द मला अधिक खटकतो. सूट फीमध्ये मिळते, दंडात मिळते. ती देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि मागणाऱ्याला कारण सांगावे लागते. नॉर्वेतील पालकांची अडचण नेमकी हीच होती. तेथील शाळांत १९९७ पासून ख्रिस्ती धर्माला अधिक स्थान देणारा एक सक्तीचा विषय होता, आणि त्यातील काही भागांपुरतीच सूट मिळे. कारणे देताना आपली खासगी श्रद्धा वा अश्रद्धा शाळेपुढे उघड होण्याचा धोका होता. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००७ मध्ये ९ विरुद्ध ८ मतांनी त्या पालकांच्या बाजूने निकाल दिला. आपल्या कलम २८(३) मध्ये क्रम उलटा आहे : राज्याने मान्यता किंवा अनुदान दिलेल्या शाळेत आधी संमती, मग धार्मिक शिक्षण, आणि विद्यार्थी अल्पवयीन असेल तर संमती पालकाची. ज्याने होकारच दिलेला नाही, त्याने सूट कशाची मागायची?

प्रश्नकर्ता : आभारी आहे. धर्मपरिचयाचा तास वेगळा काढला आणि पहिल्या तासाबद्दलचे वाक्य असे बदलले : ‘पालकांनी लेखी संमती दिल्याखेरीज कोणत्याही विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणाच्या तासाला बसवले जाणार नाही, संमती न देण्याचे कारण विचारले जाणार नाही.’