नव्या एचआरला मान कशाने मिळतो: चोख पगाराने की शॉप फ्लोअरवरच्या वावराने?

हजेरीपट

एमपीएम (पर्सोनेल मॅनेजमेंटची पदव्युत्तर पदवी) किंवा डीएलएल (कामगार कायद्याची पदविका) करून चाकण, रांजणगाव, वाळूजच्या प्लांटला नव्याने लागणाऱ्यांना पहिला सल्ला मिळतो तो "लोकांत मिसळा" हा, म्हणजे शॉप फ्लोअरवर, मशीनच्या जागी वावरा. मला हा क्रमच उलटा वाटतो, म्हणून धागा काढला.

डोळ्यासमोर असा प्लांट धरा: ऑटो कंपोनंट, सव्वातीनशे माणसं, निम्मी कंत्राटी, तीन पाळ्या. एक एचआर मॅनेजर आणि त्याच्या हाताखाली हा नवा एक्झिक्युटिव्ह. माझं म्हणणं, याचा मान पहिल्या तीन पगारांत ठरतो. कापलेला पगार ज्याला दुरुस्त करता येत नाही, त्याच्या गोड बोलण्याचा उलट राग येतो.

पगार चुकतो कुठे? सगळ्यात जास्त तिसऱ्या पाळीत. माणूस 14 तारखेला रात्री साडेअकराला इन पंच करतो आणि 15 ला सकाळी सातला आउट. शिफ्ट मास्टरमध्ये (हजेरीच्या सिस्टिममधली पाळ्यांची यादी) ही पाळी दोन तारखांची आहे अशी सेटिंग नसेल, तर सिस्टिम दोन्ही दिवशी एकच पंच पकडते आणि दोन्ही दिवस गैरहजेरी लावते. दुसरी चूक अदलाबदलीची. सुपरवायझर तोंडी सांगतो, "आज तू सेकंडला ये." रोस्टर (पाळ्यांचं वेळापत्रक) मात्र तसंच राहतं, आणि वेळेवर आलेल्या माणसाला लेट मार्क लागतो. तिसरी, रजेचा अर्ज सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये पडून राहतो आणि पीएल (हक्काची पगारी रजा) शिल्लक असताना बिनपगारी लागते.

उपाय अवघड नाही. हजेरी 20 तारखेला बंद होत असेल, तर 21 ला मिस पंच (राहून गेलेल्या हजेरीच्या नोंदी) आणि बिनपगारीची यादी लाईननिहाय काढून टाइम ऑफिसच्या बोर्डावर लावा. नाव, तारीख आणि काय कमी आहे, एवढंच. दुरुस्ती 24 पर्यंत. मग ट्रायल पगार (वाटपाआधीचा कच्चा हिशेब) काढा आणि ज्याचा हातात येणारा पगार मागच्या महिन्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली-वर झालाय, त्या प्रत्येक नावाचं कारण शोधा. या यादीत पंधरा-वीस नावं निघतात आणि पगारानंतरची बहुतेक भांडणं त्यांतच दडलेली असतात.

वर्षभरातल्या कपाती आधी सांगा. फेब्रुवारीत व्यवसाय कर 200 ऐवजी 300 जातो. जून आणि डिसेंबरात कामगार कल्याण निधी कापला जातो. एका ओळीची सूचना जानेवारीच्या शेवटी लागली, तर "शंभर रुपये कुठे गेले" म्हणून खिडकीवर रांग लागत नाही.

तिसरीपाळी

सहमत नाही. पगार बरोबर येणं हे उपकार नव्हेत, लोक ते गृहीत धरतात. चुकला तर मान जातो हे कबूल. पण बरोबर आला म्हणून मान मिळतो, हे कुठून आलं?

शॉप फ्लोअरवर एचआरकडे "मॅनेजमेंटचा माणूस" म्हणूनच पाहतात. ते बदलतं एकाच गोष्टीने: सांगितलेली अडचण सुटते की नाही. आणि अडचण केबिनमध्ये येत नाही. रात्री दोनच्या जेवणाला दुसऱ्या बॅचला भाजी पातळ आणि चपात्या गार मिळतात, हे दिवसपाळीत बसून कळणार कसं? आठ नंबरचे सेफ्टी शूज स्टोअरमध्ये नाहीत म्हणून माणूस नऊ नंबर घालून ट्रॉली ओढतोय. प्रेस शॉपच्या टोकाचा वॉटर कूलर बंद आहे. महिलांचं स्वच्छतागृह लाईनपासून इतकं लांब, की दहा मिनिटांच्या ब्रेकमधली सात मिनिटं जाण्यायेण्यात जातात. यातलं काहीच तुमच्या ट्रायल पगारात दिसत नाही.

फेरी कशी मारायची तेही शिकावं लागतं. पाळी बदलायच्या आधीचा अर्धा तास धरा, तेव्हा पहिल्या पाळीचा माणूस मोकळा होत असतो. सुपरवायझरला सोबत घेऊ नका, पण आपण येतोय हे त्याला आधी सांगा. नाहीतर तो समजतो, हा माझ्या मागे चौकशी करतोय, आणि मग तोच तुमची वाट अडवतो. लाईन चालू असताना ऑपरेटरला बोलण्यात गुंतवू नका. सायकल टाइम (एक नग करायला ठरलेला वेळ) बिघडतो आणि त्याला बोलणी बसतात. आठवड्यातून एक फेरी तिसऱ्या पाळीला हवी.

खिशात छोटी वही ठेवा: कोणी काय सांगितलं, कोणाच्या हातात आहे, कधीपर्यंत उत्तर. सात दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे, मग ते "नाही" का असेना. "बघतो" म्हणून घोंगडं भिजत ठेवलं की पुढच्या फेरीला कोणी तोंड उघडत नाही.

कलमबहाद्दर

दोघांचंही बरोबर आहे, पण दोघांच्याही नजरेतून मूळ परीक्षा सुटली. नव्या एचआरचा मान ठरतो पहिल्या शिस्तभंगाच्या प्रकरणात, आणि अख्खा प्लांट ते पाहत असतो.

नेहमीचा प्रसंग घ्या. ऑपरेटर आणि सुपरवायझरची बाचाबाची होते. प्लांट हेडचा निरोप येतो, "राजीनामा लिहून घे, आजच गेटबाहेर काढ." नव्या माणसाला वाटतं, हुकूम पाळला की वरच्यांकडे वजन वाढेल. वाढत नाही. तो माणूस लेबर ऑफिसला जातो आणि म्हणतो, दबावाखाली सही घेतली. राजीनाम्याचा मजकूर एचआरच्या अक्षरात, सही एकट्या कामगाराची, वेळ रात्रीची. पुढे कामावर परत घेण्याचा आणि थकीत पगाराचा दावा लागला की तोच प्लांट हेड विचारतो, "हे तुला कळत नव्हतं का?" आणि लाईनवर हा कायमचा "सह्या घेणारा" ठरतो.

अशा वेळी वरच्याला "नाही" म्हणू नका, "असं करू" म्हणून दुसरा रस्ता पुढे ठेवा. त्याच दिवशी सुपरवायझर आणि आजूबाजूच्या दोघा-तिघांचे लेखी जबाब घ्या, वेगवेगळे बसवून. दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस द्या. तीत तारीख, वेळ, मशीन नंबर आणि नेमके शब्द हवेत. "गैरवर्तन केले" एवढं वाक्य कुठेच टिकत नाही. नोटीस त्याला कळेल त्या भाषेत हवी. घ्यायला नकार दिला तर दोन साक्षीदारांसमोर तसा शेरा मारा आणि घरच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवा. खुलासा पटला नाही तर आरोपपत्र, मग चौकशी. चौकशी अधिकारी तक्रारदार किंवा साक्षीदार नसावा. कामगाराला सहकारी सोबत आणू द्या, उलटतपासणी करू द्या आणि रोजच्या कामकाजाची प्रत त्याच्या हातात द्या. निलंबन असेल तर पहिल्या 90 दिवसांचा निम्म्या पगाराइतका निर्वाह भत्ता ठरल्या तारखेला खात्यात गेलाच पाहिजे. तो अडला की चौकशी निःपक्ष होती हे कोणाला पटवून देता येत नाही.

आणि सुपरवायझरनेच आधी शिवी दिली असेल, तर त्यालाही पत्र गेलं पाहिजे. पगारपत्रक आणि फेऱ्या या दोन्हींपेक्षा या एका पत्राने जास्त काम होतं.

हजेरीपट

@तिसरीपाळी, गृहीत धरतात म्हणता, पण पगारातली जी गोष्ट कोणालाच समजावता येत नाही ती समजावणारा एचआर लोक लक्षात ठेवतात. ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा) बघा. पगाराची मर्यादा 21,000. जुलैत इन्क्रिमेंट लागून पगार 20,500 वरून 21,800 झाला. माणूस म्हणतो, आता माझी कपात बंद करा. नवा एचआर बंद करून टाकतो आणि इथेच घात होतो. योगदानाचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो. मध्येच मर्यादा ओलांडली तरी काळ संपेपर्यंत पूर्ण पगारावर 0.75 टक्के कापावेच लागतात. 21,800 वर 164 रुपये. मोबदल्यात एप्रिल ते सप्टेंबरच्या योगदानावर पुढच्या जानेवारी ते जूनचे आजारपणाचे लाभ मिळतात. हे कागदावर दोन रेघा ओढून दाखवलं की माणूस शांत होतो, आणि पुढच्या वेळी शेजारच्यालाही घेऊन येतो.

पीएफचंही तेच. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव आलं आणि यूएएनवर (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) माहेरचं राहिलं, तर क्लेम अडकतो. नाव, जन्मतारीख आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव रुजू होतानाच जुळवून घ्या. नोकरी सोडताना पोर्टलवर बाहेर पडल्याची तारीख टाका. न टाकल्यास सोडून गेलेल्या माणसाला शेवटच्या योगदानानंतर दोन महिने थांबून ती स्वतः टाकावी लागते, आणि बहुतेकांना हे माहीतच नसतं.

@कलमबहाद्दर, तुमचं पटलं. पण असं प्रकरण वर्षातून एखादं येतं, पगार बारा वेळा.

जाईजुई

"लोक मोकळेपणाने बोलतील असं वागा" हा तिसरीपाळी यांच्या म्हणण्याचा सूर महिला कर्मचाऱ्यांच्या बाबतीत अर्धवट पडतो. दार लोटून कोणी म्हणालं, "मॅडम, कोणाला सांगणार नसाल तरच सांगते," तर नव्या एचआरने लगेच हो म्हणू नये. आधी शब्द दिला, मग ऐकलं आणि ते लैंगिक छळाचं निघालं, तर दोन्हीकडून अडकता. गप्प बसलात तर उद्या दुसरीवर तीच वेळ येईल. बोललात तर शब्द मोडला. ऐकण्याआधीच स्पष्ट सांगा: "ज्यांना कळणं गरजेचं आहे त्यांच्यापलीकडे जाणार नाही. पण कोणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मला गप्प बसता येणार नाही." त्यानंतरही ती बोलली, तर तो विश्वास टिकणारा असतो.

पुढचं एचआरने आपल्या हातात ठेवू नये. 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी आणि एक सदस्य बाहेरची. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी, चौकशी 90 दिवसांत. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम. "दोघांना समोरासमोर बसवून मिटवून टाकू" असं नव्या एचआरने चुकूनही करू नये. समेट फक्त तक्रारदार महिलेने स्वतः मागितला तरच, तोही समितीमार्फत आणि पैशाच्या व्यवहाराशिवाय. समिती सदस्यांची नावं आणि नंबर बोर्डावर लावा, आणि तो बोर्ड रिसेप्शनला नको, लाईनजवळ लावा. रिसेप्शनचा बोर्ड ऑडिटरला दिसतो, कामगार महिलेला नाही.

हिंजवडी_फेज_तीन

चर्चा कारखान्यापुरती चाललीय. आयटीत मस्टर नाही, पाळीचा घोळ कमी. तिथे नव्या एचआरला मान मॅनेजरकडून मिळवावा लागतो, आणि तो भरतीत मिळतो. मॅनेजरने पाठवलेलं जॉब डिस्क्रिप्शन जसंच्या तसं पुढे ढकलणाऱ्याला कोणी विचारत नाही. अर्धा तास बसून तीन प्रश्न विचारा: पहिल्या सहा महिन्यांत हा माणूस काय करून दाखवेल? यातल्या कोणत्या दोन गोष्टी आल्याच पाहिजेत? शिकवून घेता येईल असं काय आहे? मग पाच रिझ्युमे पाठवा, पन्नास नकोत. आणि मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला नकारसुद्धा कळवा. सोडून जाणाऱ्याचं रिलीव्हिंग लेटर अडवून ठेवणं ही सगळ्यात वाईट खोड, त्याची पुढच्या कंपनीतली पडताळणी लटकते.

तिसरीपाळी

भरतीचं मान्य, पण मॅनेजरचाच मान मोजायचा तर बाकीच्यांनी जायचं कुठे?

हजेरीपट, तुमचं ईएसआयचं उदाहरण माझीच बाजू सांगतं. तो माणूस कागद घेऊन तुमच्याकडे आला, कारण आधी ओळख होती. आणि तुमच्या सगळ्या याद्यांतून निम्मा प्लांट वगळलाय. कंत्राटी कामगार तुमच्या ट्रायल पगारात येतच नाहीत. त्यांच्या कंत्राटदाराचं बिल मात्र एचआरच्या सहीने पास होतं. त्या सहीआधी मागच्या महिन्याचं पीएफ चलन माणसांच्या यादीसकट मागा. ईएसआय चलन मागा. पगार खात्यात गेल्याचं बँकेचं स्टेटमेंट मागा. यादीतली नावं गेटच्या हजेरीशी ताडून बघा. गेटवर 62 आणि चलनात 48 असतील, तर चौदा जणांचा पीएफ बुडतोय. कंत्राटदाराने दिला नाही तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे फायनान्सला सांगितलं की बिल थांबवायला तेही साथ देतात.

कलमबहाद्दर

हे शंभर टक्के. भर एवढीच, की 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्यात. नेमणूकपत्र प्रत्येकाला द्यायचंय. जुन्या फॉरमॅटवर विसंबू नका.

वावराबद्दल मात्र सावध करतो. लाईनच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये एचआरने राहू नये. तिथे टाकलेला अंगठासुद्धा पुढे "कंपनीने मान्य केलं" म्हणून फिरतो. युनियन असेल तर कमिटीला डावलून सामूहिक मागणीवर कामगारांशी बोलू नका. एकट्याची अडचण ऐका, पण बोनस, इन्सेंटिव्ह, बसचा मार्ग हे विषय कमिटीसमोर मिनिट्स लिहूनच. आणि ओटीचा (ओव्हरटाइमचा) दर काढताना कोणते घटक धरले, ते बोर्डावर लेखी असू द्या. 20,800 चा पगार 26 दिवस आणि 8 तासांनी भागला की तासाला 100, दुप्पट म्हणजे 200. हे उदाहरण खाली छापा. आकडा पटला नाही तर भांडतील, पण आकड्यावर भांडतील.

हजेरीपट

कंत्राटी कामगारांबद्दल @तिसरीपाळी यांचं म्हणणं मान्य, ती पडताळणी माझ्या यादीत पगाराच्याच आठवड्यात हवी होती. क्रमाबद्दल मात्र अजून पटलेलं नाही. पहिल्या महिन्यात दोन्ही करायला वेळ नसतो, आणि तेव्हा मी मस्टरच उघडेन.

तिसरीपाळी

मग निदान सोडून जाणाऱ्यांकडे तरी स्वतः चालत जा. नव्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचाय. नो ड्यूजच्या (काही देणं बाकी नाही अशा) फॉर्मवर स्टोअर, टूल क्रिब (हत्यारांची खोली), कॅन्टीन, सिक्युरिटी आणि अकाउंट्सच्या सह्या लागतात, आणि शेवटच्या दिवशी तो माणूस कागद घेऊन पाच दारं झिजवतो. राजीनामा आला त्याच दिवशी फॉर्म एचआरने काढावा आणि सह्या नोटीसच्या काळातच गोळा कराव्यात. टूल क्रिबला मायक्रोमीटर हरवलेला दिसला, तर तो पंधरा दिवस आधी कळलेला बरा.

जाईजुई

आणि त्या फॉर्ममध्ये शिल्लक रजेचे दिवस आणि पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीचा आकडा आधीच भरून द्या: शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा. ठराविक मुदतीवर नेमलेल्यांना आता एका वर्षानंतरही मिळते, त्यांची यादी वेगळी ठेवा.