आहेराची वही सापडली त्यावरून: तुमच्या लग्नाला खरा खर्च किती आला?

माळ्यावरची_मी
परवा नात्यातल्या एका मुलाच्या लग्नाची पत्रिका आली. त्यांनी माझ्या लग्नात काय घातलं होतं ते बघून मग आपलं ठरवावं म्हणून आईला फोन केला, तर म्हणाली वही माळ्यावर ट्रंकेत आहे, ये आणि काढ. रविवार सगळा तिथंच गेला. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबडी वही, एका बाजूनं आहेर आणि उलटीकडून खर्च, सगळं दादांच्या अक्षरात.

त्या घरचा आहेर: रु. 51 आणि एक ब्लाऊजपीस. मे 1999.

51 ला आता काय घालायचं ते राहिलं बाजूला, मी खर्चाचीच पानं वाचत बसले. कार्यालय 3,500. आचारी वाढप्यांसकट 4,200, ताटाचा रेट वगैरे भानगड नव्हतीच, किराणा आपण आणून द्यायचा. आचाऱ्याची यादी पण घडी घालून वहीतच, तूरडाळ, बुंदीला बेसन, वांगी दोन पोती. बस्ता सोलापुरात फलटण गल्लीत 19,000. सोनं पाच तोळे, तोळा तेव्हा चार हजाराच्या थोडा वर होता. घोडा 300!! टॉवेल-टोपी-नारळ वेगळे. सगळं मिळून 1 लाख 12 हजार.

आणि त्याच्याखाली वेगळ्या शाईत: पतसंस्था 40 हजार, सोसायटी 20, मामा 15. पुढं दर महिन्याच्या हप्त्याला एक बारकी टिकली. टिकल्या मार्च 2004 पर्यंत. माझा मुलगा तेव्हा बालवाडीत जायला लागला होता. मला घरात कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं, आणि मी दर दिवाळीला दादांकडून साडी हक्कानं घेत होते.

दादा आता नाहीत. तुमचं लिहा. किती लागले, कुणी भरले, कधी फिटले. खरा आकडा लिहा, व्याह्यांना सांगितलेला नको.

शेंगाचटणी
501 घाल आणि मोकळी हो. ब्लाऊजपीस पण परत करायचा असतो हां, तो विसरलीस तर 30 वर्षं बोलतील.

होटगीरोडकर
मुलीचं 2019 ला झालं लॉन्सवर. ठरवलं होतं 6 लाख, गेले 11. कुठं गेले विचाराल तर मला आजतागायत सांगता येत नाही. मोठी बिलं सगळी माहितीची होती, कार्यालय, केटरर, सोनं. पण मधले जे असतात ना, फेटेवाला, गजरे, पाहुण्यांच्या गाड्यांचं डिझेल, जनरेटर, करवलीचा मान, देवकाच्या दिवशी ऐनवेळी आलेली 60 माणसं, त्यांनीच मारलं. केटररला 800 ताटं सांगितली, उठली 1,140. ताट 220 ला होतं, करा गुणाकार. तो माणूस मोजणीला पोराला उभा करतो आणि आपण मुलीकडं बघून रडत असतो.

बेलाटीची_सून
उष्ट्या ताटांची मोजणी म्हणजे लग्नातला सगळ्यात मोठा वाद असतो. आमच्यात चुलत सासरे स्वतः हात धुवायच्या जागेशेजारी खुर्ची टाकून बसलेले, वहीत रेघा मारत. अक्षतांना पण उठले नाहीत.

शेंगाचटणी
हसून हसून पुरेवाट. त्यांना फोटोत पण घ्यायचं ना मग तसंच.

पूर्वभाग_वाला
आमच्या पद्मशाली लोकांचा हिशोब जरा वेगळा, घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि लग्नात दोन्हीकडचं सगळं करायचं म्हणजे खर्च डबल, जिलकर-बेल्लम (जिरं-गुळाचा विधी) पण पाहिजे आणि मंगलाष्टका पण पाहिजेत.

बहिणीचं लग्न 2008 ला. वडील लूमवर, मालकाकडून उचल घेतली 30 हजार आणि ती फिटेपर्यंत दुसरीकडं जास्त मजुरी मिळत असून जाता आलं नाही. पण खरा पैसा आईचा होता. आई विड्या वळायची, पहाटेपासून सूप मांडीवर, रोज हजार विड्या, त्यातली छाट, म्हणजे नापास विड्या, काढून टाकली की मजुरी कमी. लोकांना वाटतं विडीवालीला कुठला आलाय फंड, पण विडी कामगारांना पीएफ असतो, आणि त्यातून मुलीच्या लग्नाला अॅडव्हान्स काढता येतो. तो काढला. कागदांसाठी आई चार खेपा घालून आली, प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडाली. एकूण लग्न पावणेदोन लाखात झालं. हॉलवर सगळे म्हणाले तुझ्या वडलांनी जोरात केलं लग्न. आई आत भांडी मोजत होती.

मी लहान होतो, मला ते वाक्य तेव्हा बरोबरच वाटलं होतं.

माळ्यावरची_मी
हे वाचून डोळ्यात पाणी आलं. आई आहेत ना?

पूर्वभाग_वाला
आहे की. आता टीव्ही बघत असते, पण हात अजून वळल्यासारखे हलतात.

मी_रजिस्टरवाली
आमचं 2014, स्पेशल मॅरेज अॅक्ट. एक महिन्याची नोटीस, तीन साक्षीदार, फी किरकोळ, त्यापेक्षा जास्त पैसे झेरॉक्स आणि पासपोर्ट साइज फोटोला गेले. सातरस्त्यावर सगळ्यांना जेवू घातलं. सगळं मिळून 9 हजार. खूष होतो आम्ही, उरलेल्या पैशात घराचं डिपॉझिट भरू म्हणून.

आणि मग सासूबाई म्हणाल्या आमच्या इतक्या वर्षांच्या आहेरांचं काय? त्यांनी आजवर गावभर घातलेले परत कधी येणार! वर्षानं त्यांनी "छोटंसं" रिसेप्शन केलं, 700 माणूस, साडेतीन लाख. आहेर आला 84 हजार आणि भिंतीवरची घड्याळं 23.

बार्शीकर
23 घड्याळं! एकातही सेल नसणार.

मी_रजिस्टरवाली
एकातही नव्हता.

टॉवेलवाला
अवांतर: आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे म्हणून सांगतो. आमच्याकडं लगीनसराईत लोक येऊन सरळ "आहेराचा द्या" म्हणतात. म्हणजे आकाराला लहान, वजनाला हलका, पण घडी घातली की जाड दिसला पाहिजे. त्यानं अंग पुसू नका, पुसलं जात नाही. तो टॉवेल एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरायसाठीच जन्माला आलेला असतो. मागच्या वर्षी माझ्याच कारखान्याचा टॉवेल मला नागपूरच्या लग्नात खांद्यावर घातला, स्टिकरसकट.

होटगीरोडकर
म्हणजे दोष तुमचा आहे तर. माझ्या कपाटात 70 आहेत.

टॉवेलवाला
साहेब घरी तुमच्यासाठी वेगळा देतो, या एकदा.

अप्पा_नवीपेठ
माझं लग्न 1974. मांडव दारातच, रस्ता अडवून. खर्च वडिलांना माहीत. मला इतकंच आठवतं की साखर मिळायची मारामार होती आणि चुलत्यांनी कुठून तरी एक पोतं आणलं, ते कुठून आणलं हे कुणीच विचारलं नाही. रुखवतात बायकोनं विणलेली बदकं होती, ती अजून आहेत. बायको नाही.

बेलाटीची_सून
अप्पा नमस्कार. बदकांचा फोटो टाका ना.

अप्पा_नवीपेठ
नातू शाळेतून आला की टाकायला लावतो.

कोविडनवरा
माझं लग्न मे 2021. नियम तर माहीतच आहेत सगळ्यांना, 25 माणसं आणि दोन तास, मोडला तर 50 हजार दंड. आम्हाला कुलूप लावून लग्न करायची हौस नव्हती, तारीख दोनदा पुढं ढकललेली. 25 मध्ये भटजी आणि फोटोग्राफर धरायचे का नाही यावर दोन्ही घरांत भांडण. आत्याला घेतलं तर मावशीला का नाही. शेवटी मावशीनं स्वतःच सांगितलं की मी व्हिडिओ कॉलवर येते, आणि कॉल लावला तर रेंज गेली. एकूण 1 लाख 40 हजार, दागिने सोडून. वडील पहिल्यांदा एका कार्यातून हसत घरी आले.

पण धाकट्या भावाचं 2024 ला झालं ना, तेव्हा माझ्या वाचलेल्याचंही सगळं काढलं. प्रिवेडिंग शूट, ड्रोन, हळदीला सगळ्यांना पिवळे ड्रेस, वरातीला डॉल्बी. 16 लाख गेले आणि त्यातले 5 पर्सनल लोन. ड्रोन मांडवाच्या झालरीत अडकला ते वेगळंच, ते भटजींनी काढलं.

लका_सोलापुरी
काय करलालेत बे लोकं! डॉल्बीचा आवाज तिसऱ्या दिवशीपर्यंत कानात असतो आणि हप्ता तिसऱ्या वर्षापर्यंत.

मंगळवेढ्याचा_शेतकरी
तुम्ही सगळे मुलीच्या बापाचा खर्च सांगताय, आता उलटं झालंय ते पण लिहा की. भावाचं 34 व्या वर्षी जमलं. मुलीकडच्यांनी एक रुपया घातला नाही, आणि आम्ही मागितला पण नाही, दोन्हीकडचा बस्ता आमचा, दोन्हीकडची जेवणं आमची, मध्यस्थाला वेगळे 50 हजार. ज्वारी आणि थोडा ऊस असलेल्या पोराला कोण देतंय मुलगी. डिसेंबर 2022 ला नवरदेवाचा पोशाख करून घोड्यावर बसून सोलापुरात कलेक्टर कचेरीवर मोर्चा निघाला होता, सगळे हसले टीव्हीवर बघून. आमच्या घरात कोणी हसलं नाही. एकूण साडेआठ लाख, दोन एकर गहाण. अजून तसंच आहे. पण वहिनी चांगली आहे, हे पण लिहितो, तिचा दोष नाही त्यात.

पूर्वभाग_वाला
पूर्वी हुंड्यासाठी मुलीचा बाप जमीन विकायचा, आता हे. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा आहे, नावं बदलत राहतात. आमच्याकडं आता हुंडा नाही म्हणतात, "मुलीला काय द्यायचं ते द्या" म्हणतात.

शेंगाचटणी
"आम्हाला काही नको, तुमच्या मुलीच्या हौसेसाठी" हे वाक्य ऐकलं की समजायचं फ्रीज, वॉशिंग मशीन आणि सोफा.

साखरपेठ_अर्चना
जाता जाता, सोलापुरातलं सगळ्यात भारी लग्न आपल्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचं. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास संमती कट्ट्यावर त्यांच्या योगदंडाशी कुंभार कन्येचा विवाह, पत्रिका नाही, आहेर नाही, रुसणारी आत्या नाही. सातही नंदीध्वज येतात आणि बाराबंदी घातलेलं अख्खं गाव अक्षता टाकतं. माझं लग्न पण असंच लावा म्हटलं होतं मी बाबांना. बाबा म्हणाले तू आधी योगदंड शोध.

बार्शीकर
बाबा फॉर्मात!! पण फुकट कुठं, त्या लग्नानंतर गड्ड्याच्या जत्रेत पोरांना पाळण्यात बसवून, भज्या खाऊन दरवर्षी माझे दोन हजार जातात.

लिंगायत_ताई
जेवणाबद्दल कुणीच लिहिलं नाही नीट. आमच्यात गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, झाली पाहिजे म्हणजे पाहिजे. माझ्या लग्नात (2003) हुग्गी, भात, आमटी, वांगं, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, संपलं. लोक अजून नाव काढतात. पुतणीच्या लग्नात काउंटर 14, चायनीज, चाट, कसली कसली रंगीत सरबतं, आणि म्हातारी माणसं ताट घेऊन फिरतायत बसायला जागा शोधत. चुलत सासऱ्यांनी शेवटी विचारलं, भात कुठल्या दुकानात मिळतो? ताट 550 ला होतं. हुग्गीच्या लग्नाचा एकूण खर्च होता 1 लाख 90. सोन्याचं सोडून बरं का, कारण सोन्याचं आमच्या आईनं मी पाचवीत असल्यापासून भिशी लावून केलेलं. तेव्हा सहा हजाराच्या आतला तोळा आता लाखाच्या पार गेलाय, पुतणीला त्यामुळं दोनच तोळे आणि बाकीचं एक ग्रॅमवालं. दिसतं सेम, खरं सांगते.

कोविडनवरा
हुग्गीची रेसिपी टाका ना ताई.

लिंगायत_ताई
टाकते, आता नळाला पाणी यायची वेळ आहे, आज नाही भरलं तर मग थेट पाच दिवसांनी.

होटगीरोडकर
पाण्यावरून आठवलं! टँकर! लग्नाच्या हिशोबात टँकर लिहायचाच राहिला माझा. घरात 40 पाहुणे चार दिवस, तीन टँकर लागले. ते 11 लाखात धरलेले नाहीत.

गिरणीवाल्याची_नात
उशिरा लिहितेय. आत्याचं लग्न ठरलं आणि त्याच वर्षी आजोबांची गिरणी बंद पडली. देणी अडकली. वराकडच्यांना कळू नये म्हणून आजोबा रोज डबा घेऊन वेळेवर घराबाहेर पडायचे आणि कंबर तलावावर बसून डबा खाऊन परत यायचे, लग्न होईपर्यंत. कंबर तलावाला सगळे संभाजी तलाव म्हणतात आता. आत्याच्या सासऱ्यांना म्हणे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, ते पण बोलले नाहीत. एकूण खर्च मला माहीत नाही, विचारायची हिंमत झाली नाही कधी.

पूर्वभाग_वाला
आत्याचे सासरे मोठा माणूस.

दोन_लाखवाली
माझे साडेतीन. पण नवऱ्याला दोनच सांगितलेत. इथं तो नाहीये ना?

बेलाटीची_सून
आयडीवरूनच ओळखेल की बाई.

माळ्यावरची_मी
सगळ्यांचं वाचलं, स्वयंपाक करता करता, भात लागला आज. आईला पण वाचून दाखवलं. ती म्हणाली त्या टिकल्या दादा रात्री आम्ही झोपल्यावर मारायचे, आणि शेवटची मारली त्या दिवशी पार्क चौकातून आइस्क्रीम आणलं होतं, कशाबद्दल ते तिला पण तेव्हा सांगितलं नाही.

आणि एक, पत्रिका आज चष्मा लावून वाचली. खाली बारीक अक्षरात, "कृपया आहेर आणू नये, आपली उपस्थिती हाच आहेर."

शेंगाचटणी
ब्लाऊजपीस घेऊन जाच तरी.

अप्पा_नवीपेठ
नातू आला. फोटो चढत नाही म्हणतो, फार मोठा आहे. चार बदकं आहेत, एकाची चोच उसवली आहे.