उत्तर: स्पेलिंग बी म्हणजे नुसती घोकंपट्टी?

स्पेलिंग बी, म्हणजे ऐकलेल्या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग तोंडी सांगायची स्पर्धा, ही नुसती घोकंपट्टी आहे, बाकी काही लागत नाही, असं तुम्ही म्हणता. घोकंपट्टी करावी लागतेच, पण 'बाकी काही लागत नाही' हे पटलं नाही. अमेरिकेतल्या स्क्रिप्स स्पर्धेत मुलं शब्द ऐकल्यावर आधी मूळ भाषा विचारतात, ते वेळ काढायला नव्हे. 'कोरस'मधला क आणि 'शेफ'मधला श, दोन्हीकडे सीएचच. पण पहिला शब्द ग्रीक वळणाचा, दुसरा फ्रेंच. कधी न ऐकलेला शब्दही असा पकडता येतो. मग तळहातावर बोटाने गिरवून बघायचं आणि बोलायचं. एकदा तोंडातून गेलेलं अक्षर गेलं! पुन्हा पहिल्यापासून म्हणता येतं, पण आधीची अक्षरं बदलता येत नाहीत.

आणखी एक, 2019 मध्ये आठ जण सहविजेते झाले, कुणी चुकेचना. 2021 पासून शब्दार्थाची फेरी आली आणि गरज पडल्यास 90 सेकंदांचा टायब्रेकर, म्हणजे बरोबरी सोडवायला तेवढ्या वेळात जास्तीत जास्त शब्दांचं स्पेलिंग सांगायचं. 2024 चा निकाल त्यावरच लागला, विजेत्याने 29 शब्द बरोबर सांगितले. म्हणजे शब्दाला जेमतेम तीन सेकंद. तिथे मात्र मूळ भाषा विचारत बसायला सवड नसते, तेवढ्यापुरतं तुमचं पाठांतर खरं.