पेन्टॅक्स के१०००: लेन्स माऊंटची कडी आणि स्क्रू कुठे मिळतील?

कऱ्हाकाठ:
नमस्कार मंडळी. बाबांचा पेन्टॅक्स के१००० हा फिल्मचा कॅमेरा आहे, सोबत ५० एमएम एफ/२ लेन्स. बाबा गेल्यापासून कपाटात होता. गेल्या महिन्यात काढला, सेल घातला तर मीटरची सुई हलली, शटरही सगळ्या वेगांना पडतंय. इतका आनंद झाला! पण लेन्स लावली की डुगडुगते. बॉडीवर लेन्स जिथे अडकते त्या माऊंटच्या कडीचा एक स्क्रू गायब आहे, दोन सैल आहेत आणि त्या बाजूला कडीखाली कागद सरकेल एवढी फट आहे. एका दुकानात चष्म्याचा स्क्रू बसवून दिला, तो आठवड्यात निघून पडला. शिवाय तळाला ट्रायपॉड लावायच्या भोकातले आटे झिजलेत.
कडी आणि स्क्रू सुटे मिळतात का? बाबा याच कॅमेऱ्याने दरवर्षी सासवडला पालखीचे फोटो काढायचे. मला तो शोभेला ठेवायचा नाही, वापरायचा आहे.

रीळभर:
ताई, आधी दोष कुणाचा ते ठरवा. दुसरी एखादी के माऊंटची (या कॅमेऱ्याला बसणाऱ्या जातीची) लेन्स मागून आणा. तीही डुगडुगली तर बॉडी, नाहीतर तुमच्या लेन्सच्या मागच्या कडीचे स्क्रूही सैल असतील. लेन्स फिरवताना केसभर हलते, ते चालतं. पुढेमागे हलायला नको.

जुनी_काच:
चष्म्याचा स्क्रू परत घालू नका, अगदी कळकळीने सांगतो. त्याचे आटे वेगळे असतात, भोकातले मूळ आटे खाऊन टाकतो. लांब असेल तर आत टेकतो. माऊंटच्या आत अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र किती उघडं आहे ते, मीटरला कळवणारी एक फिरती कडी स्प्रिंगवर असते, तिला धक्का लागला की आज चालणारं मीटरही चुकीचं सांगायला लागेल.

आता मुख्य गोष्ट. लोक कडी शोधतात आणि कडीखालचं अंतर विसरतात. के माऊंटमध्ये कडीच्या तोंडापासून फिल्मपर्यंत ४५.४६ मिमी अंतर लागतं. ते जुळवायला कडीखाली पातळ पत्र्याच्या चकत्या, म्हणजे शिम, असू शकतात. कडी काढलीत तर कुठली चकती कुठून निघाली त्याचा मोबाईलवर फोटो काढा, एकही हरवू देऊ नका.

किती फरक पडतो ते हिशोबाने बघा. कडी सगळीकडून सारखी ०.१ मिमी उचलली गेली, तर ५० एमएमची लेन्स साधारण २५ मीटरच्या पलीकडचं काही धारदार देणार नाही. २८ एमएमला तीच हद्द ८ मीटरच्या आत येते. जवळच्या फोटोत मात्र काही कळणार नाही, कारण व्ह्यूफाइंडर आणि फिल्म दोघंही त्याच लेन्समधून बघतात. म्हणून माणूस महिनोन्महिने फसतो. तुमची कडी तर एकाच बाजूने उचललेली आहे, म्हणजे फ्रेमची एक कड मऊ येणार आणि व्ह्यूफाइंडरमध्ये मधोमध फोकस करताना ते लक्षातही येणार नाही.

घरी तपासता येतं. फिल्म न घालता पाठ उघडा. फिल्म ज्या आतल्या दोन पट्ट्यांवरून सरकते त्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा. शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं) ठेवून केबल रिलीजने, म्हणजे बटणाला लावायच्या तारेने, उघडं अडकवा, लेन्स एफ/२ (छिद्र पूर्ण उघडं) आणि अनंतावर (सगळ्यात लांबच्या फोकसवर). एखाद्या लांबच्या डोंगराची कड भिंगातून बघा: मधे, डावीकडे, उजवीकडे. चित्र उलटं दिसतं, त्यामुळे डावं-उजवं लिहून ठेवा.

बोहरी_आळीवाला:
ट्रायपॉडच्या आट्यांचं मी सांगतो, धंदाच तो आहे. कॅमेऱ्याचं भोक दोन सुती, म्हणजे पाव इंच, आणि इंचाला २० आटे. बाजारात सहज मिळतो तो ६ मिमीचा बोल्ट. कॅमेऱ्याचा व्यास ६.३५ मिमी, आट्यातलं अंतर १.२७. सहाच्या बोल्टला ते अंतर १ मिमी. एक-दोन फेरे जातो, माणसाला वाटतं बसला, मग जोर लावला की आटे गेले. रविवार पेठेत पाव इंच, २० आट्यांचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मागा आणि हाताने हळू फिरवा. मशीन अजिबात नको. पहिले दोन-तीनच आटे गेले असतील तर तेवढ्याने सुधारतं. सगळेच गेले असतील तर हेलिकॉइल (भोकात बसवायची नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवणारा गाठा. भोकाच्या तळाला धक्का लागू देऊ नका.

फोर्टचा_पाहुणा:
सुटी कडी नवी मिळण्याची आशा धरू नका. हा कॅमेरा १९७६ ते १९९७ एवढी वर्षं निघाला, त्यामुळे मेलेले के१००० भरपूर आहेत. शटर गेलेली एक बॉडी भागांसाठी घ्या. मुंबईत फोर्टला बोरा बाजारात विचारा, पुण्यात बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. पेन्टॅक्स केएम मिळाला तरी बघा, ते याचंच जवळचं भावंड. रिकोह, चिनॉन यांनाही के माऊंट आहे, पण लेन्स बसते म्हणून कडीचे स्क्रू त्याच जागी असतील असं नाही. कडी शेजारी ठेवून भोकं जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका. परदेशातून मागवलंत तर कस्टमचा खर्च धरा.
आणि जपानी कॅमेऱ्याला जेआयएस (जपानी मापाच्या) टोकाचा पेचकस लागतो. साध्या फिलिप्सने स्क्रूचं डोकं बुळबुळीत होतं.

कऱ्हाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. मावसभावाची लेन्स लावली, तीही हलते, म्हणजे बॉडीच. ट्रेसिंग पेपरवर पुरंदर बघितला. मधे कड बऱ्यापैकी रेखीव आहे, एका बाजूला सपशेल पसरट. कॅमेऱ्यात डोंगर उलटा लटकलेला बघून मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. बाबांनी हे कधी बघितलं असेल का, असं वाटत राहिलं.
सैल स्क्रू आत्ता घट्ट करू का? की बोरा बाजारात तसंच नेऊ?

जुनी_काच:
योग्य पेचकस असेल तर हलक्या हाताने करा, पण समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे. एकच पूर्ण पिळला तर कडी तिरकीच बसते. फट तरीही राहिली तर थांबा: कडी वाकली असेल किंवा खाली चकती सरकली असेल, ते उघडूनच कळेल. घट्ट झाल्यावर पुरंदर पुन्हा बघा. गायब स्क्रूसाठी एक चांगला स्क्रू काढून नमुना म्हणून नेऊ नका, कॅमेराच न्या. आणि २८ एमएमची लेन्स कुणाकडे मिळाली तर तीही सोबत घ्या. दुकानातच पाठ उघडून अनंतावर तपासा, चूक असेल तर तिच्यावर धारेची हद्द जास्त जवळ येते.

कऱ्हाकाठ:
शनिवारी जाते. रीळभर, तुमच्याकडे २८ आहे का दोन दिवसांसाठी?

रीळभर:
आहे. शुक्रवारी संध्याकाळी हडपसरला येऊन घेऊन जा. मागची टोपी नाही तिला, कापडात गुंडाळून देतो.