मदत हवी आहे: १६ वर्षांखालच्या मुलींच्या बास्केटबॉल मॅचमध्ये खेळाडू हेरताना काय बघायचं?

कृष्णाकाठची:

मंडळी, जाणकारांनी जरा वाट दाखवा.

आमच्या क्लबचा १६ वर्षांखालच्या मुलींचा संघ आहे. दहावी आली म्हणून काही मुली यंदा थांबल्या (दरवर्षीचंच रडगाणं), त्यामुळे दोन-तीन नव्या मुली हव्यात. सरांना नोकरीतून सवड नाही. आंतरक्लब सामने बघून नावं सुचवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी मूळची खो-खोवाली. बास्केटबॉल लेकीमुळे कळायला लागला. नियम येतात, स्कोअरशीट लिहिते, पण पोरी पारखणं ही वेगळीच विद्या आहे.

परवाची मॅच ५२-१४ झाली. जिंकलेल्या संघातल्या एका उंच मुलीचे २६ पॉइंट. सगळे पालक तिच्याच नावाने ओरडत होते. पण पॉइंट कसे आले बघा: यांचा फुल कोर्ट प्रेस (अख्ख्या कोर्टभर अंगावर जाऊन दाबून धरणं), समोरच्या पोरी गांगरून बॉल हातात आणून द्यायच्या आणि हिला रिंगखाली रिकामा ले-अप (जवळून टाकायचा सोपा शॉट). समोर बचाव लावून उभा असताना बॉल मिळाला तेव्हा मात्र तिचा पिव्हटचा, म्हणजे जागेवर रोवून ठेवायचा पाय सरकला आणि ट्रॅव्हल, बॉल समोरच्यांकडे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

हरलेल्या संघात ९ नंबरची एक बुटकी मुलगी होती. पॉइंट ४. दोघी अंगावर आल्या तरी ती पाठ फिरवत नव्हती. एक पाऊल मागे, मान वर, आणि मध्ये मोकळ्या असलेल्या मुलीला पास. त्या मुलीच्या हातून तो निसटायचा, तो भाग वेगळा. शेवटच्या क्वार्टरला, मॅच कधीच हातची गेलेली असताना, तिने मागून धावत येऊन एक फास्ट ब्रेक (बॉल मिळताच केलेली झटपट चढाई) अडवला आणि तोही फाउल न करता. स्कोअरशीटवर यातलं काहीच उतरत नाही. तिथे पॉइंट, फाउल आणि टाइमआउट, संपलं.

तर अशा एकतर्फी मॅचमधून काही ठरवता येतं का? वहीत कोणते रकाने आखू? आणि उंचीला किती भाव द्यायचा?

बेसलाइन:

ताई, तुमची नजर तयार आहे, उगाच घाबरताय. प्रेसमधले ले-अप बाजूला काढा आणि मग त्या मुलीचे किती पॉइंट उरतात ते बघा. एकतर्फी मॅचमध्ये हरणाऱ्या संघाकडे जास्त बघावं असं माझं मत आहे. जिंकणाऱ्यांना काहीही केलं तरी चालून जातं.

रकाने फार आखू नका. एक मुलगी निवडा आणि पाच मिनिटं फक्त तिच्याकडे बघा, बॉलकडे नाही. शॉट सुटला की ती वर बघत उभी राहते की आधी समोरचीला पाठीवर घेऊन बॉक्स-आउट करते? तिच्याकडून बॉल गेला की ती काय करते? हात झटकते, रेफरीकडे बघते की वळून धावते? हेल्पला, म्हणजे सोबतच्या मुलीच्या बचावाला मदतीला जाताना तोंडाने सांगते का? या वयात बोलून बचाव करणारी मुलगी दिसली तर माझ्या वहीत तिच्या नावापुढे ठळक खूण असते.

वॉर्म-अपला आधी पोचा. डाव्या हाताचे ले-अप तिथेच उघडे पडतात. मॅचमध्ये त्या डावी बाजू टाळतात, मग कळत नाही.

अजून एक. शॉट खांद्यावरून ढकलून मारते म्हणून नाव खोडू नका. बऱ्याच शाळांत मुलांचाच ७ नंबरचा बॉल असतो, मुली त्याच्यावरच शिकतात. मुलींचा ६ नंबरचा बॉल साधारण ७० ग्रॅमने हलका आणि परिघाला ३-४ सेंमी कमी. सराव कुठल्या बॉलवर होतो ते आधी विचारा. शॉट बदलता येतो, मान खाली घालून ड्रिबल करायची सवय सुटता सुटत नाही.

जुना सेंटर:

बेसलाइन यांचं बाकी सगळं मान्य, पण उंची शिकवता येत नाही हो. पिव्हट महिनाभरात शिकवून होतो. ती २६ वाली आधी घ्या, नाहीतर दुसरा कुणीतरी घेईल आणि पुढच्या वर्षी तुमच्याच रिंगखाली येऊन उभी राहील.

फिजिओताई:

उंचीबद्दल थोडं थांबून. मुली झपाट्याने वाढतात त्या सरासरी १२ व्या वर्षाच्या आसपास. पाळी सुरू झाल्यावर बहुतेकींची उंची ५ ते ७ सेंमीच वाढते. म्हणजे १४ व्या वर्षी सगळ्यांच्या डोक्यावरून दिसणारी मुलगी कदाचित लवकर वाढून थांबलेली असेल आणि ९ नंबरची अजून वाढायची असेल. जन्माचा महिनाही बघा. वयोगट १ जानेवारीला धरला असेल तर जानेवारीतली मुलगी डिसेंबरवालीपेक्षा जवळजवळ वर्षाने मोठी असते. आईवडिलांच्या उंचीवरून बराच अंदाज येतो. (पाळीबद्दल मुलीला विचारायला जाऊ नका, कृपा करून. असे महाभाग पाहिलेत.)

रिबाउंड घेऊन खाली येताना गुडघे आत वळतात का तेही टिपा. गुडघ्यातला एसीएल लिगामेंट तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि बऱ्याचदा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. पण हे नाव कापायचं कारण नव्हे. उडी मारून नीट उतरायला शिकवता येतं. मुलगी आल्यावर वॉर्म-अपमध्ये काय घ्यायचं ते तुमच्या सरांना आधीच कळेल, इतकंच.

एका गार्डचा बाबा:

पालक म्हणून बोलतो. मॅच संपल्यावर एका क्लबच्या माणसाने माझ्या मुलीला गाठून थेट तिचाच मोबाइल नंबर मागितला होता. मी तिथेच होतो म्हणून बरं. कितीही आवडली तरी आधी तिच्या कोचशी बोला, मग आईवडिलांशी. मुलीशी सगळ्यात शेवटी, आणि घरचं कुणी सोबत असताना. व्हिडिओ काढायचा तर परवानगी घेऊन. जिल्हा बदलत असेल तर संघटनेचे नियम लेखी मागा, तोंडी आश्वासनावर एक मोसम बुडू शकतो.

तुमचा सराव किती वाजता सुटतो हे पहिल्या फोनवरच सांगा. आमच्याकडच्या दोन चांगल्या मुली शेवटच्या एसटीपायी खेळ सोडून घरी बसल्या. ताकद, शॉट, सगळं होतं.

कृष्णाकाठची:

सगळ्यांचे मनापासून आभार. एसटीचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. आमचा सराव साडेसातला सुटतो आणि ९ नंबरचं गाव आडवाटेला आहे. आधी तेच बघायला हवं.

जुना सेंटर, तुमचं म्हणणं पटतंय आणि नाहीही. उंच मुलीला तुल्यबळ संघापुढे बघितल्याशिवाय नाव देणार नाही. रविवारी त्यांची गाठ तसल्याच संघाशी आहे. यावेळी स्कोअरर्स टेबलाशेजारी न बसता रिंगच्या मागे बसते, म्हणजे बॉल नसलेल्या पोरी दिसतील. खो-खोत पाठलाग करणारीचे पाय बघायची सवय आहेच, दिशा बदलताना कोण अडखळतं ते माझ्या नजरेतून सुटत नाही.

एकच राहिलं. ९ नंबरच्या कोचबाईंशी माझी ओळख नाही. त्यांची हीच एक धड खेळणारी मुलगी आहे. फोन करून काय म्हणायचं? कुणी असा फोन केला असेल किंवा आला असेल, तर सांगा.

बेसलाइन:

आलाय मला. समोरच्याने आधी विचारलं होतं, "तुमच्या संघाचं पुढच्या वर्षीचं काय ठरलंय?" मुलीचं नाव त्यानंतर काढलं. मी मुलगी दिली, आणि त्यांनी आमच्या धाकट्या मुलींना सुट्टीत त्यांच्या कोर्टवर सराव दिला. तुमच्याकडे देण्यासारखं काय आहे ते सरांना विचारून मगच फोन लावा.